रेघ आली की ठिपका? स्कॅन खराब येतो तेव्हा काय बघायचं

एकशेचाळीस पानं स्कॅनरच्या फीडरमधून, म्हणजे गठ्ठ्यातली पानं एकेक करून आत ओढणाऱ्या भागातून, काढून झाली होती. पीडीएफ तयार, पेनड्राइव्हवर कॉपी, बिलसुद्धा झालं. दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी परत आले. "अहो, प्रत्येक पानावर उजवीकडे ही उभी रेघ कसली? आमच्या वहीत समास डावीकडे आखलाय."

रेघ खरंच होती, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकाच जागी. मी आधी ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला स्कॅनरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकला. मग केबल बदलली. मग डीपीआय (एका इंचात किती ठिपके वाचायचे तो आकडा) वाढवला, तर रेघ अजूनच सुबक आली. तासाभराने झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरला, तेव्हा दिसलं. फीडरच्या अरुंद काचेवर व्हाइटनरचा वाळलेला कण होता, मोहरीपेक्षाही बारीक. नखाने निघाला. सगळी पानं पुन्हा काढून दिली, अर्थात फुकट.

नारायण पेठेत डीटीपी आणि स्कॅनिंगचं काम करताना असे बरेच तास वाया गेले, आणि त्यातून एकच सवय लागली. सेटिंगला हात लावायच्या आधी दोष कुठे बसलाय ते शोधायचं: कागदात, काचेवर, यंत्राच्या आत, की फाइल बनताना. घरी किंवा ऑफिसात नुकताच स्कॅनर घेतला असेल आणि स्कॅन 'बरोबर येत नाही' एवढंच कळत असेल, तर खालच्या क्रमाने जा. क्रम मोडू नका, कारण सोप्या आणि फुकटच्या गोष्टी आधी घेतल्या आहेत.

आधी कागद उलटा फिरवा

कागद काचेवर ठेवून एकदा स्कॅन करा. मग तोच कागद डोकं खाली, पाय वर असा फिरवून ठेवा आणि पुन्हा स्कॅन करा. दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडा.

डाग अक्षरांबरोबर फिरला, म्हणजे पहिल्यांदा 'दिनांक' या शब्दाशेजारी होता आणि आताही 'दिनांक'शेजारीच आहे, तर तो कागदावरचाच आहे. स्कॅनरला दोष देऊ नका. डाग मात्र होता तिथेच राहिला आणि अक्षरं त्याच्याखालून सरकली, तर तो काचेवर किंवा यंत्रात आहे. या चाचणीला एक मिनिट लागतं. तरी दहातले आठ जण ती न करता थेट 'ब्राइटनेस'ची पट्टी ओढायला लागतात.

दुसरी खूण दोषाच्या आकाराची. काचेवर ठेवून स्कॅन करतो तेव्हा कागद स्थिर असतो आणि काचेखालून सेन्सरची, म्हणजे कागद वाचणारी, पट्टी सरकत जाते. फीडरमध्ये बरोब्बर उलटं, पट्टी एका जागी उभी राहते आणि कागद तिच्यावरून पळतो. त्यामुळे काचेवरचा कण एकदाच दिसतो, म्हणजे ठिपका येतो. फीडरच्या काचेवरचा तेवढाच कण कागदाच्या प्रत्येक ओळीला आडवा येतो, आणि पानभर रेघ ओढली जाते. म्हणून रेघ दिसली की पहिला प्रश्न, हे पान फीडरमधून काढलं का? हो असेल, तर तेच पान काचेवर ठेवून काढा. रेघ गेली की तपास संपला, आता फक्त पुसायचं राहिलं.

दोन्ही बाजू एकाच फेरीत काढणाऱ्या फीडरला दोन सेन्सर असतात. रेघ फक्त सम पानांवर येत असेल, तर मागच्या बाजूच्या सेन्सरची काच बघा. समोरची काच कितीही पुसली तरी ती रेघ जाणार नाही.

आणि काचेवर ठेवून काढलेल्या पानावरही सेन्सरच्या प्रवासाच्या दिशेने सरळ रेघ असेल तर? तेव्हा मामला जरा आतला असतो. स्कॅन सुरू होण्याआधी यंत्र काचेच्या कडेला आतून चिकटवलेली एक पांढरी पट्टी वाचतं आणि 'हे पांढरं' असं मनाशी ठरवतं. त्या पट्टीवर किंवा सेन्सरवर धूळ बसली, की त्या जागेचा हिशोब कायमचा चुकतो आणि चूक पानभर उतरते. त्याबद्दल शेवटी बोलू.

काच पुसणे, पण नीट

स्कॅनर बंद करा, प्लग काढा. चष्म्याबरोबर मिळतं तसलं मऊ फडकं घ्या, त्यावर दोन थेंब पाणी टाका आणि काच पुसा. मग कोरड्या भागाने पुन्हा. पाणी किंवा काच पुसायचा स्प्रे थेट काचेवर कधीही मारू नका. तो कडेच्या फटीतून खाली उतरतो आणि काचेच्या आतल्या बाजूला ओघळ सुकतात, ते मग पेचकस घेतल्याशिवाय निघत नाहीत. डिंक, सेलोटेपचा चिकटा, शाई असेल तर फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातात, ते लांब ठेवा. ब्लेडने खरवडायचं तर नावच काढू नका, कारण कण निघतो आणि ओरखडा राहतो.

नवखे लोक मोठी काच लखलखीत करतात आणि फीडरची काच विसरतात. ती मोठ्या काचेच्या बाजूलाच, बोटभर रुंदीची किंवा त्याहून अरुंद पट्टी असते. फीडरचं झाकण उघडल्यावर तिच्या समोर वरच्या बाजूला एक पांढरी पट्टी दिसेल, तीही पुसा. मोठ्या झाकणाच्या आतला पांढरा भागही पुसा, कारण पातळ कागदातून तो आरपार दिसतो आणि त्यावरचे डाग तुमच्या पानावर येतात.

पुसून झालं की पांढरा कोरा कागद स्कॅन करा. कोऱ्या कागदावर जे काही दिसेल ते यंत्राचं, यात वादच नाही.

पुण्यात धुळीला तोटा नाही. शेजारी कुठेतरी जुनी इमारत पाडून नवी चालूच असते. काम नसताना स्कॅनरवर सुती कापड टाका आणि झाकण कधी उघडं ठेवू नका. देव्हारा आणि स्कॅनर एकाच टेबलावर नकोत, उदबत्तीच्या धुराचा पातळ थर काचेवर बसतो आणि सगळे स्कॅन फिकट, धुरकट दिसायला लागतात. दसऱ्याला यंत्रांची पूजा आमच्याकडेही होते, पण एका वर्षी कुंकवाची चिमूट फीडरच्या फटीत गेली आणि दिवाळीपर्यंत गुलाबी रेघा निघत होत्या. आता हळदकुंकू बाजूला, लोखंडी स्टँडवर वाहतो.

अंधुक, पसरट, वाफ आल्यासारखं

अक्षरं स्पष्ट नाहीत म्हटलं की लोक डीपीआय वाढवतात. अंधुक चित्र मोठं केलं तर मोठं अंधुक चित्र मिळतं.

आधी बघा, सगळं पान अंधुक आहे की काही भाग. पुस्तकाच्या शिवणीजवळच्या ओळी तेवढ्या पुसट आणि काळसर असतील, तर तुमच्या स्कॅनरची जात तपासा. दोन प्रकार असतात. सीआयएस सेन्सरचे स्कॅनर सडपातळ, हलके, बरेचसे नुसत्या यूएसबीवर चालणारे. कॅनन लाइड मालिका किंवा एप्सन व्ही३९ हे या जातीचे. त्यांना कागद काचेला अगदी चिकटून लागतो. कागद दोन-चार मिलिमीटर जरी वर उचलला गेला तरी फोकस गेला. सीसीडी सेन्सरचे स्कॅनर जाडजूड असतात, उदाहरणार्थ एप्सन व्ही६००. त्यात आरसे आणि भिंग असतं, त्यामुळे काचेपासून थोडं वर असलेलंही ठीक दिसतं. जाड बांधणीची पुस्तकं, शिक्का उमटवलेली प्रमाणपत्रं, घड्या पडलेली जुनी पत्रं ज्यांच्याकडे जास्त असतात, त्यांनी घेतानाच हा फरक विचारावा. दुकानदार आपणहून सांगत नाही.

सीआयएस असलेल्यांनी पुस्तकावर हलका, सारखा दाब द्यावा. आम्ही जाड पुठ्ठा ठेवून त्यावर वह्यांचा गठ्ठा ठेवतो. हाताने दाबलं की हात हलतो आणि मधल्या दोन ओळी वाकड्या येतात. झाकण बंद होत नसेल तर वरून काळं कापड टाका. खिडकीतलं ऊन कडेने आत शिरलं की त्या बाजूचं पान धुवून निघाल्यासारखं पांढुरकं होतं.

सगळंच पान धूसर असेल, आणि काल चांगलं होतं, तर पावसाळ्याचा विचार करा. जुलै-ऑगस्टमध्ये एसी बंद करून खिडक्या उघडल्या की थंड काचेवर बाहेरची दमट हवा दव धरते. अर्धा तास थांबा, ते आपोआप जातं. न गेलेलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसणारं धुकं काचेच्या आत असेल तर ती बुरशी असू शकते, आणि तिथे घरगुती उपाय करू नयेत.

डीपीआयबद्दल अजून एक. खोक्यावर मोठ्ठे आकडे छापलेले असतात. त्यात 'ऑप्टिकल' लिहिलेला आकडा खरा. 'इंटरपोलेटेड' म्हणजे संगणकाने मधले पिक्सेल अंदाजाने भरलेले, त्यातून नवीन काही दिसत नाही.

अनुस्वार गेला तर अर्थ गेला

डीपीआय किती ठेवायचा, हा प्रश्न मराठी कागदांसाठी जरा वेगळा आहे. इंग्रजी मजकूर २०० डीपीआयवर वाचता येतो, पण आपल्याकडे अक्षराच्या डोक्यावर अनुस्वार, रफार, मात्रा, वेलांट्या आणि खाली उकार अशी गर्दी असते. बारीक टायपातल्या अनुस्वाराचा ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर धरा. १०० डीपीआयला एक पिक्सेल पाव मिलिमीटरचा असतो, म्हणजे तो ठिपका जेमतेम दोन पिक्सेलांत मावायचा. त्यातला एक फिकट निघाला की 'मंद' आणि 'मद' सारखेच. ३०० डीपीआयला त्याच ठिपक्याला सहा पिक्सेल मिळतात आणि तो टिकतो.

म्हणून साधा छापील किंवा हस्तलिखित मजकूर ३०० वर. बारीक छपाईची जुनी पुस्तकं, सातबारा-फेरफारच्या जुन्या प्रती, मोडी कागद ४०० किंवा ६०० वर. मजकूर संगणकाकडून वाचून घ्यायचा असेल, तर ३०० च्या खाली जाऊच नका. टेसरॅक्टसारख्या फुकट साधनाला मराठी वाचता येतं, पण शिरोरेषा तुटलेली दिसली की ते एका शब्दाचे तीन करतं.

फोटोचं गणित सोपं आहे. ४ बाय ६ इंचाचा फोटो तेवढाच छापायचा तर ३०० पुरतात, दुप्पट मोठा करायचा तर ६००. ६०० च्या पुढे कागदी फोटोत सहसा नवीन काही सापडत नाही, कागदाचा पोतच मोठा होत जातो. कुणी गेलं की घाईघाईत पासपोर्ट फोटोवरून हार घालायची फ्रेम करायला लोक येतात. तेव्हा १२०० वर काढा म्हणून आग्रह धरतात. मी ६०० वर काढतो आणि फ्रेम थोडी लहान घ्यायला सांगतो. निगेटिव्ह आणि स्लाइडची गोष्ट वेगळी, त्यांना २४०० किंवा जास्त लागतात आणि मागून प्रकाश देणारा स्कॅनरही लागतो.

सगळं ६०० वर ठेवायला काय हरकत आहे, असं कुणीतरी विचारतंच. ए४ रंगीत पान ३०० वर २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, फाइल कॉम्प्रेस न केल्यास २६ एमबी. ६०० वर त्याच्या चौपट, १०४ एमबी. शंभर पानांचा हिशोब तुम्हीच करा.

ब्लॅक अँड व्हाइट हा सापळा आहे

स्कॅनरमधला 'ब्लॅक अँड व्हाइट' म्हणजे टीव्हीसारखा काळा-पांढरा नव्हे. त्यात करडं काही नसतं. प्रत्येक पिक्सेल एक तर पूर्ण काळा, नाहीतर पूर्ण पांढरा. पेन्सिलीची खूण, फिकट झालेली जांभळी शाई, तलाठ्याचा अर्धवट उमटलेला शिक्का यांतलं काय पांढऱ्यात जाईल सांगता येत नाही. स्टॅम्प पेपरवर उलटा प्रकार होतो. त्याची रंगीत नक्षी काळ्यात जाते आणि मजकुरावर कोळशाचे फराटे येतात. करडं हवं असेल तर 'ग्रेस्केल' निवडा. शिक्का, सही, नक्षी असेल तर सरळ रंगीत. ब्लॅक अँड व्हाइट फक्त लेझर प्रिंटच्या स्वच्छ पानांना.

स्टॅम्प पेपरच्या बाबतीत दुसरी अडचण लांबीची. बरेच करारनामे लीगल आकाराचे, म्हणजे १४ इंच लांब असतात आणि घरगुती स्कॅनरची काच ए४ची, पावणेबारा इंचांच्या आतली. खालच्या सह्याच कापल्या जातात, आणि नेमकं ते कोणी बघत नाही. फीडर लीगल घेत असेल तर नवा कागद त्यातून काढा. जुना, घडीवर विरलेला कागद फीडरमध्ये घालायचा नाही म्हणजे नाही. तो दोन भागांत काढून जोडा, किंवा ए३ काच असलेल्या झेरॉक्सवाल्याकडे जा.

इथे एक आठवण. शनिवार पेठेतले एक आजोबा घराचं खरेदीखत घेऊन आले होते. कागद तपकिरी झालेला, आणि मधून आरपार पाण्याची नागमोडी, गडद कड. मी नेहमीच्या सवयीने 'पार्श्वभूमी साफ करा' हा पर्याय दाबला आणि एकदम स्वच्छ पांढरं पान त्यांना स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "रेघ कुठे गेली?" मी म्हटलं, डाग काढला आजोबा. "अरे, डाग कसला. पानशेत फुटलं तेव्हाचं पाणी ते. कपाटात इथवर आलं होतं." त्यांनी बोट कागदापासून दोन इंचावर, हवेतच फिरवलं. १२ जुलै १९६१ चं पाणी. पुन्हा काढलं, रंगीत, ६०० वर, एकही ऑटो पर्याय न लावता.

तेव्हा जुन्या कागदासाठी 'ऑटो' सगळं बंद ठेवा आणि पहिली प्रत कागद जसा आहे तशी काढा. उजळायची, साफ करायची ती नंतर, दुसऱ्या प्रतीवर.

जाळी, लहरी आणि मागची अक्षरं

वर्तमानपत्राचं कात्रण, लग्नपत्रिका, जुन्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ स्कॅन केलं की चित्रावर जाळी किंवा पाण्यासारख्या लहरी येतात. स्कॅनर बिघडलेला नसतो. छपाईतलं चित्र मुळात बारीक ठिपक्यांचं असतं आणि स्कॅनरचे पिक्सेलही ओळीत असतात. दोन जाळीदार पडदे एकावर एक धरले की जशी नक्षी हलते, तसंच हे. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डिस्क्रीन' नावाचा पर्याय शोधा. तो नसेल तर ६०० वर काढून नंतर फाइल अर्ध्या आकाराची करा, जाळी बरीच विरते. डिस्क्रीन फक्त छापील चित्रांना लावा. मजकुराला आणि खऱ्या फोटोला लावलात तर ते उगाच मऊ पडतात.

सत्तर-ऐंशीच्या दशकात स्टुडिओत 'सिल्क' कागदावर फोटो छापून द्यायचे, पृष्ठभागावर मधाच्या पोळ्यासारखा पोत असलेला. स्कॅनरचा उजेड एका बाजूने तिरका पडतो आणि प्रत्येक खळग्याची सावली चेहऱ्यावर येते. वर सांगितलेली उलटी फिरवायची युक्ती इथेही कामाला येते. उलटा काढलेला स्कॅन संगणकावर सरळ करून दोन्ही एकावर एक ठेवायचे आणि वरच्याची पारदर्शकता अर्धी करायची. एकाची सावली तिथे दुसऱ्याचा उजेड येतो आणि पोत बराच दबतो. जुळवायला वेळ लागतो, पण आजीच्या फोटोसाठी लोक थांबतात.

पातळ कागदावर मागच्या पानाची उलटी अक्षरं दिसत असतील, तर कागदाच्या मागे काळा कार्डपेपर ठेवा. पान किंचित काळपट येईल, ते नंतर उजळता येतं. मागची अक्षरं मात्र गायब.

रंग चुकलेत की स्क्रीन?

एका संध्याकाळी मी लग्नाच्या अल्बमचे फोटो तीनदा स्कॅन केले, तिन्ही पिवळे. पांढरा शालू हळदीत बुडवल्यासारखा. चौथ्यांदा काढायच्या आधी बायकोने सहज विचारलं, "लॅपटॉपचं नाइट लाइट चालू आहे का?" होतं.

रंगाची तक्रार आली की ती फाइल आधी मोबाइलवर बघा. तिथे नीट दिसली तर स्कॅनरला सोडा. तिथेही बिघडलेली असेल तर सॉफ्टवेअरमध्ये 'डॉक्युमेंट' ऐवजी 'फोटो' मोड आहे का बघा. डॉक्युमेंट मोड कागद पांढरा करायच्या नादात गोऱ्या चेहऱ्यांचं पीठ करतो. जुन्या स्कॅनरमध्ये नळीचा दिवा असतो, त्याला तापायला वेळ लागतो. पहिला स्कॅन फिकट किंवा वेगळ्या रंगाचा आला तर तो टाकून द्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा काढा.

फाइल जतन करताना होणारा घात

स्कॅन सुंदर आला आणि अक्षरांभोवती मुंग्या दिसतायत, म्हणजे जेपीईजीने घोळ घातला. जेपीईजी फाइल लहान करण्यासाठी बारीकसारीक तपशील टाकून देतं, आणि काळ्या अक्षराच्या कडेला ते लगेच दिसतं. दर वेळी उघडून, बदलून, पुन्हा जतन केलं की आणखी थोडं जातं. म्हणून मूळ प्रत टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा आणि द्यायची प्रत वेगळी बनवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर ते आकार कमी करतं. 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा.

बऱ्याच परीक्षांच्या अर्जांवर फोटो ५० केबीच्या आत मागतात, सही त्याहून कमी. मुलं क्वालिटीची पट्टी शून्याकडे ओढत जातात आणि चेहऱ्याचे चौकोन होतात. आधी पिक्सेल कमी करा. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो ३०० डीपीआयला ४१३ बाय ५३१ पिक्सेलच होतो, तो चांगल्या क्वालिटीतही सहसा ५० केबीत बसतो. सहीसाठी पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने सही करा आणि फक्त सहीपुरता चौकोन निवडून स्कॅन करा. अख्खं ए४ पान काढून त्यात सही शोधायला लावू नका.

स्कॅनरबरोबर आलेलं सॉफ्टवेअर सेटिंग लपवत असेल तर नॅप्स२ वापरून बघा, फुकट आहे. त्यात डब्ल्यूआयए आणि ट्वेन असे ड्रायव्हरचे पर्याय दिसतील. डब्ल्यूआयएमध्ये पर्याय कमी दिसले तर ट्वेन निवडा.

फीडरचे नखरे

पानं तिरकी येतात कारण दोन्ही बाजूंच्या सरकत्या पट्ट्या कागदाला टेकलेल्या नसतात. एकदम दोन पानं जातात कारण गठ्ठा फुलवलेला नसतो, किंवा पावसाळ्यात कागदांनी दमट हवा धरलेली असते. पंख्याखाली तासभर पसरून ठेवा. अक्षरं मधेच ताणलेली किंवा दबलेली आली तर रबरी रोलर गुळगुळीत झालाय, तो अल्कोहोलच्या फडक्याने फिरवत फिरवत पुसा. तरी घसरत असेल तर रोलरचा संच बदला, तो सुटा मिळतो. स्टेपलरच्या पिना काढल्यात असं म्हणू नका, काढल्यात का ते बघा. आणि ज्या कागदावर व्हाइटनर लावलंय तो पूर्ण वाळेपर्यंत फीडरच्या आसपास आणू नका. माझी एकशेचाळीस पानं आठवा.

आडवे पट्टे, आणि मेकॅनिककडे जायची वेळ

पानावर ठरावीक अंतराने आडवे सांधे दिसतात, जणू चित्र कापून पुन्हा चिकटवलंय, तर बहुतेक वेळा संगणक मागे पडतोय. १२०० डीपीआयचा माल केबलमधून वेळेत जात नाही, सेन्सर थांबतो, थोडा मागे येतो, पुन्हा सुरू होतो, आणि तिथे सांधा राहतो. यूएसबी हब काढून केबल थेट लावा, वायफायवरून मोठे स्कॅन करू नका, बाकीचे प्रोग्राम बंद करा. टेबल हलत असेल तर तेही थांबवा. एका घरी स्कॅनर वॉशिंग मशीनवर ठेवलेला होता. नवा किंवा प्रवासातून आलेला स्कॅनर कर्कश आवाज करत असेल, तर काही जुन्या मॉडेलना खालच्या बाजूला वाहतुकीचं कुलूप असतं, ते उघडलंय का बघा.

एवढं करूनही काचेवरून काढलेल्या पानावर सरळ रेघ, अर्धं पान काळं, किंवा एखादा रंगच गायब असेल, तर काम आतलं आहे. वॉरंटी असेल तर स्क्रू खोलू नका. नसेल आणि हाताला सवय असेल तरी काचेखालची धूळ काढायला उघडताना खोलीचा पंखा बंद ठेवा, नाहीतर एक कण काढून दहा आत जातात. दुरुस्तीचा आकडा नव्या स्कॅनरच्या निम्म्याच्या वर गेला तर मी नवा घ्यायला सांगतो.

मेकॅनिककडे जाताना 'क्लिअर येत नाही' एवढंच सांगू नका. पेनड्राइव्हवर चार फाइली न्या: कोरा कागद, एक पान सरळ, तेच पान उलटं फिरवून, आणि तेच फीडरमधून. आमच्याकडे यासाठी एक ठरलेलं पान ड्रॉवरमध्ये ठेवलंय. वर बारीक टायपात अनुस्वारांनी भरलेला परिच्छेद, मधे एक फोटो, खाली पेन्सिलीची रेघ आणि जांभळ्या शाईचा शिक्का. स्कॅनर नवा असताना त्या पानाचा एक स्कॅन काढून फाइलच्या नावात तारीख घालून ठेवा, म्हणजे सहा महिन्यांनी तुलना करायला काहीतरी हाताशी असेल.